आचारी आणि आचार्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज बोलायला उभे केले आहे, त्याला कारण गेल्या वर्षीची माझी फजिती. मंडळाचा जमाखर्च मी प्रथमच स्वतः संगणकावर उतरवला होता. सभेत पाहुण्यांनी मोठ्याने वाचले, "दोन आचार्यांची मजुरी", आणि सगळा मांडव हसला. मला लिहायचे होते आचाऱ्यांची! भजी तळणारे आपले आचारी एका फटक्यात मठातले गुरुजी झाले. माझी शाळा सातवीपर्यंतची. वाटले, हे आपले काम नव्हे. चिटणीसपद सोडण्याची चिठ्ठीही लिहून ठेवली.

दिवाळीत भाचा आला, त्याच्या हाती ती चिठ्ठी पडली. म्हणाला, "मावशी, यात तुझे शिक्षण कुठे आले? र च्याच बटणावर शिफ्ट दाब, खाली टिंब असलेला ऱ येईल. त्याचा पाय मोड, मग या लिही." तसे केले, आणि आचारी चुलीपाशी परत आले. दर्या निराळा, दऱ्या निराळ्या, हेही जमले.

ही सोय करणारांत एक नाव त्याने सांगितले, मोहन तांबे. कानपूरच्या आयआयटीत शिकत असता भारतीय लिप्या यंत्रावर आणण्याच्या कामात ते पडले. १९८८ साली पुण्यात सीडॅक निघाली, तेथे जिस्ट विभाग त्यांनी सांभाळला. त्यांचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी केलेल्या यंत्रावर आपली अक्षरे उमटत.

त्यांच्या कामाची रीत मला फार पटली. अक्षर दिसते कसे ते यंत्रात ठेवायचे नाही, उच्चार ठेवायचा. कणीक एकदाच मळावी, पोळी की पुरी ते लाटताना ठरवावे, तसे! म्हणून तेच नाव गुजरातीत किंवा कानडीतही दाखवता येते. 'दिवा' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, पण तोंडात द आधी येतो, म्हणून यंत्रातही द आधी. माझा हात महिनाभर चुकत होता. या रीतीचे प्रमाण, इस्की, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केले. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. आज आपल्या फोनमध्ये आहे ती हीच.

बटणांची इन्स्क्रिप्ट मांडणीही तशीच, १९८६ सालची. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. क वर शिफ्ट दाबले की ख, ग वर घ. शेजारच्या तेलुगू वहिनींचा क सुद्धा त्याच बटणावर! एक तक्रार मात्र आहे. सुऱ्या, पायऱ्या, भाकऱ्या आम्हांला रोज लागतात, आणि तो ऱ शिफ्टखाली दडलेला. कोणी दाखवल्याशिवाय सापडायचा कसा?

चिठ्ठी मी फाडून टाकली. यंदाचा हिशेब मीच लिहिला आहे, आचारी त्यात तीन आहेत. ज्यांना हे शिकायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी भांडी आवरून मंडळात यावे. बटणे दोघींना एका वेळी पुरतात, तेव्हा आधी सांगून यावे.