पोंग्यातली अळी, देठावरची खाच

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख. लहान अळी पानाचा हिरवा पापुद्रा खरवडते, पांढरट चट्टे पडतात. पुढे ती पोंग्यात शिरते आणि वर विष्ठेचं बूच बसतं. मग वरवर फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून चट्टे दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, नोझल थेट पोंग्यावर धरून. पानांवरचे अंडीपुंज हातानं चुरगाळणं कंटाळवाणं खरं, पण याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

सोयाबीनमध्ये एखादंच पान सुकलेलं दिसलं, तर त्याचा देठ न्याहाळा. चक्री भुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडून त्यांच्यामध्ये अंडी घालते. अळी आतून पोखरत खाली उतरते. असा भाग खालच्या खाचेच्याही खालून तोडून नष्ट करा, बांधावर फेकू नका. दाट पेरणी आणि नत्राचा जादा डोस या किडीच्या पथ्यावरच पडतो.