मुलांचा फुटबॉल आणि मोठ्यांची जबाबदारी



वसंत व्याख्यानमालेच्या पंगतीत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशी भारदस्त मंडळी बसतात. त्यांच्याशेजारी फुटबॉलचे पान मांडण्याचे धाडस कोराडीकरांनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आत येताना दारातच एका गृहस्थांनी मला विचारले, "अहो, चेंडूला लाथ मारायची, यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त आहे. परंतु येत्या सुटीत याच गृहस्थांचा नातू मुलांच्या शिबिराला जाणार आहे, असे त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितले. तेव्हा लाथ कशी मारावी याबरोबरच ती कोणी, कोठे आणि किती वाजता मारावी, याचा विचार आज करायचा आहे.

हा खेळ आपल्या भागाला परका नाही. शेजारी कामठीची जुनी छावणी आहे, आणि कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव जिल्ह्यातील खेळाच्या बातम्यांत आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्याहून जवळची एक गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास, भर पावसात वस्तीतील मुले एक फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडीत खेळताना पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. 'स्लम सॉकर' या नावाने त्या कार्याला २०१६ साली जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट त्यावरच काढला.

चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण बादलीच्या त्या गोष्टीत खेळ शिकवणाऱ्याला एक धडा आहे, तो बहुधा निसटतो. ती मुले थोडी होती, जागा लहान होती आणि रांगेत उभे करणारा कोणी गुरुजी तेथे नव्हता. म्हणजे प्रत्येकाचा पाय त्या बादलीला पुनःपुन्हा लागत होता! आता आपल्या शाळेच्या मैदानावरचा देखावा आठवा. तीस मुले, एक चेंडू, आणि शिट्टी. धिटाईची पाच-सहा मुले चेंडूभोवती मोहोळासारखी धावतात. उरलेली कमरेवर हात ठेवून उभी असतात. तासाअखेर त्यांतल्या एखाद्याच्या पायाला चेंडू चारदा लागला तर तो भाग्यवान. पोहणे शिकायचे असेल तर पाण्यात उतरावे लागते. फुटबॉल शिकायचा तर चेंडू पायाला लागला पाहिजे. स्लम सॉकरची मुले ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळून आली, त्या खेळात एका बाजूला चारच खेळाडू असतात आणि मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. लहान मुलांसाठी हीच मांडणी उत्तम. मोठ्या मैदानाचे चार तुकडे करा, दगड ठेवून गोल करा आणि चार-चारांचे डाव लावा.

घरी सरावाला सोबती नसेल तर भिंत आहे. भिंतीसारखा गुरू नाही. ती दमत नाही, रागावत नाही, आणि चेंडू वाकडा मारला तर वाकडाच परत देते. उजव्या पायाने वीस, डाव्या पायाने वीस, परत आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात पायाशी थांबवायचा, आणि पुढे पुढे तो येत असतानाच एकदा मान वर करून आजूबाजूला पाहायचे. चेंडू मात्र वयाप्रमाणे हवा. आठ वर्षांखालच्या मुलाला तीन नंबरचा, बारापर्यंत चार नंबरचा, त्यानंतर पाच नंबरचा. बापाने हौसेने आणलेला पाच नंबरचा चेंडू सात वर्षांच्या पोराच्या इवल्या पायाला जड जातो.

आता कौशल्य आणि सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे कोणी समजू नये. ज्याला चेंडू आवरता येतो तो दुसऱ्याच्या पायांत घुसत नाही. ज्याला मान वर ठेवता येते तो धडकत नाही. उडी मारून गुडघे वाकवून हलके उतरणारा, आणि विशेषतः उतरणारी, आपला गुडघा वाचवते. वयात येणाऱ्या मुलींत गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. म्हणून मुलींना खेळू देऊ नये, असा अर्थ कृपा करून काढू नका. त्यांना उतरायला शिकवा, एवढाच त्याचा अर्थ.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे ऐकली की आखाडाच डोळ्यांसमोर येतो. आता पैलवान अंग मोकळे केल्याशिवाय कुस्ती धरतो काय? मग आमची मुले बाकावरून उठून थेट मैदानात का धावतात? फिफाने 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला आहे: सावकाश धावणे, एका पायावर तोल धरणे, बैठका, उड्या, वळणे. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी त्याचीच निराळी आवृत्ती आहे, आणि तीत पडायचे कसे हेही शिकवतात. युरोपातील चार देशांत तिची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या मुलांतील दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या. त्यासाठी यंत्र नको, पैसा नको. हवीत ती वीस मिनिटे, आणि तेवढीच नेमकी आपणांस जड वाटतात.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंगांचे डोके फुटले, टाके पडले. गुरू सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बचावाऐवजी आघाडीला खेळवले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्या जखमी वीराने गोल केला. भारत २-१ असा जिंकला. ही कथा मी स्वतः शेकडो मुलांना सांगितली आहे आणि पुढेही सांगेन. परंतु बारा वर्षांच्या मुलापुढे ती आदर्श म्हणून ठेवताना आता जीभ थोडी अडखळते.

कारण दरम्यान डोक्याविषयीचे ज्ञान पुढे गेले आहे. ग्लासगो येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केले की, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीनपट होते. त्यापूर्वी २०१५ सालीच अमेरिकेच्या संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्याची बंदी केली होती. २०२० साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून तो काढून टाकला. आपण निराळ्या समितीची वाट कशाला पाहावी? लहानांनी चेंडू जमिनीवर खेळावा. खेळही त्याने सुधारतो.

डोके आपटल्यावर मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, उलटी झाली, उजेड सहन होईना, चालताना तोल जाऊ लागला, तर तो खेळ त्या दिवसापुरता संपला. बेशुद्ध पडले नाही म्हणून काही झाले नाही, असे नव्हे. डॉक्टरांनी पाहावे आणि त्यांच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने, मुलाने पुन्हा खेळावे. अंतिम सामना आहे, शेवटची पाच मिनिटे आहेत, मूल स्वतः "मी खेळतो" म्हणते आहे, अशा वेळी नाही म्हणणारा एक मोठा माणूस मैदानाच्या कडेला हवा. तो सहसा नसतो. तेथे असतात ते "उठ, काही नाही झालं बे!" म्हणणारे.

पाय मुरगळला की आमच्याकडे प्रथम तेल आणि मग हाडवैद्य. सुजलेल्या घोट्याला चोळू नये. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. मुलांची हाडे टोकांशी वाढत असतात, तो भाग कोवळा असतो; तेथे इजा झाली असताना ओढाताण केली तर हाडाची वाढच बिघडू शकते. टाचेची किंवा गुडघ्याखालची दुखणी पुष्कळदा याच वाढीच्या वयातली असतात. तो मुलाचा आळस नव्हे.

मैदानाचेही थोडे पाहावे. हलते लोखंडी गोल जमिनीत पक्के रोवलेले किंवा मागून वजन टाकून दाबलेले असावेत. आडव्या दांडीला लोंबकळताना गोल अंगावर पडून जगात अनेक मुले दगावली आहेत. चुन्याची फक्की मारलेल्या रेषेवर मूल तोंडावर पडले आणि चुना डोळ्यांत गेला, तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि दवाखाना गाठावा. पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की खेळ बंद. झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. विदर्भात वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. तेव्हा निराळे उदाहरण देत नाही.

राहिले ऊन. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. (२०२४ साली ५६ अंशांची बातमी झळकली होती, पण तेव्हा यंत्रच बिघडलेले होते. आपल्या उन्हाने यंत्रालाही सोडले नाही!) या उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून शिबिराच्या पहिल्या आठवड्यात खेळ थोडा आणि विसावा जास्त असावा. पाणी मागितल्यावर द्यायचे नाही, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनी प्यायचे. पन्हे आहे, लिंबाचे सरबत आहे. नाहीतर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशातल्या कांद्याने आजीचे समाधान होते, त्याला माझी हरकत नाही. पण धावता धावता मूल बरळू लागले किंवा कोसळले, तर घाम येतो आहे म्हणून ऊन लागले नाही, असे समजू नका. सावलीत न्या, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला, आणि ते चालू ठेवूनच रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शिबिराची पत्रके अजून छापखान्यात गेलेली नाहीत, असे चिटणीस मला मघाशी म्हणाले. त्यांत वेळ सकाळी आठ ते अकरा अशी लिहिली आहे. मुलांना उठवायला आईवडिलांना त्रास पडतो म्हणून, असे कारण त्यांनी सांगितले. समोर बसलेल्या आईवडिलांची हरकत नसेल, तर पत्रक छापायला देण्यापूर्वी ती वेळ पावणेसहा ते साडेसात अशी करावी, एवढी विनंती मी आपणा सर्वांदेखत त्यांना करतो.