यकृतातली चरबी, हृदयावरची चरबी

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दुखत-खुपत काहीच नसते; बहुतेकांना ते कळते दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत, आणि ‘ग्रेड १’ वाचून अहवाल निर्धास्तपणे फायलीत जातो. प्रत्यक्षात अशा रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू यकृताच्या नव्हे, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतात.

त्वचेखालची जागा अपुरी पडली की जादा चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि हृदयावर साठते. हृदयाच्या आवरणाआड थोडी चरबी निरोगी माणसातही असते आणि ती हृदयाच्या कामीही येते. वाढली की मात्र तिचा स्वभाव पालटतो. तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत पडदा नाही, दोघांचा सूक्ष्म रक्तपुरवठा सामाईक आहे, आणि हृदयाच्या मुख्य धमन्या याच चरबीतून जातात. त्यामुळे तिच्यातून पाझरणारी इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये धमनीच्या भिंतीत बाहेरून शिरतात.

आतून काम करते ते यकृत. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनला नीट दाद देत नाही. ते रक्तात ट्रायग्लिसराइड अधिक सोडते. त्यातून एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे लहान, दाट कण वाढतात आणि धमनीच्या अस्तरात सहज घुसतात. दाहाची खूण मानले जाणारे सीआरपी आणि रक्त गोठवणारे फायब्रिनोजेनही यकृतातच बनते. दाह हे हृदयविकाराचे कारण की नुसती खूण, हा वाद बराच काळ चालला. २०१७ साली ‘कँटोस’ चाचणीत दाह शमवणाऱ्या औषधाने, कोलेस्टेरॉल न उतरवताही, हृदयविकाराचे झटके कमी झाले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र वाढले, म्हणून ते औषध हृदयरुग्णांच्या रोजच्या उपचारात आले नाही.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हा कल जन्मापासूनच दिसतो: पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी, पण त्यांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणून भारतीय वंशाच्या पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरपुढचा कमरेचा घेर, राहणे कुठल्याही देशात असो, धोक्याचा मानतात.

वजन ७ ते १० टक्के उतरले की यकृतातला दाह बहुधा ओसरतो, हृदयावरची चरबीही घटते. बारीक दिसणाऱ्या रुग्णांना ३ ते ५ टक्के घटही उपयोगी पडते.