उघडी गाडी कीं बंद गाडी?



बैल विकत घ्यावयाचा तर जुनीं माणसें त्याचे दांत पाहात, चाल पाहात, आणि मगच पैसे मोजीत. हल्लींच्या कारागिराचा बैल म्हणजे त्याची मालाची मोटार. ती मात्र पुष्कळदां शेजाऱ्यानें घेतली म्हणून, अगर हप्ता हलका पडतो म्हणून घरीं येते. आणि कर्ज तर पांच वर्षें पुरतें.

पुण्यासारख्या शहरांतील एखाद्या सुताराचें उदाहरण घ्यावें. त्याच्यापुढें दोन प्रकारचीं वाहनें असतात. पहिलें उघड्या हौद्याचें, म्हणजे पिकअप; २००५ सालीं टाटा कंपनीची 'एस' निघाली व तिला लोकांनीं 'छोटा हत्ती' असें लाडकें नांव दिलें, ती याच जातीची. दुसरें चारी बाजूंनीं बंद, म्हणजे व्हॅन. मारुतीची ओम्नी २०१९ सालीं बंद झाली. तिच्या जागीं आतां ईको दिसते. (आपल्याकडे दोहोंनाही सर्रास 'टेम्पो' म्हणतात. तें मूळ एका जर्मन कंपनीच्या गाडीचें नांव, पुण्याच्या बजाज टेम्पोमुळें घरोघर पोंचलेलें.)

सुताराचें मन प्रथम पिकअपकडे धांवतें, आणि तें अगदींच चूक नाहीं. प्लायवुडाचा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद. ईकोसारख्या लहान व्हॅनींत तो आडवा शिरत नाहीं, उभाही राहात नाहीं. छोट्या हत्तीच्या हौद्यांत मागचा फाळका पाडला कीं तो जेमतेम बसतो. १८ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता सुमारें ३० किलो भरतो. असे दहा-पंधरा तक्ते उघड्या हौद्यांत बाजूनें सरकवितां येतात. दारांच्या चौकटी, सागाचे लांब वासे यांना तर उघडी गाडीच हवी.

परंतु तक्ते रोज कोण वाहतो? ते बहुधा वखारवालाच आपल्या गाडीनें पोंचवितो. सुतार रोज नेतो तें निराळें : कटर, ड्रिल, बिजागऱ्यांचीं खोकीं, सरसाचे डबे, कापून तयार केलेले फळ्यांचे भाग. हें सामान वजनानें थोडें व मोलानें फार. उघड्या हौद्यांतून तें दर मुक्कामीं उतरवावें लागतें, नाहीं तर चहा पिऊन येईपर्यंत ड्रिल नाहींसें होतें. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ताडपत्री कितीही आवळली तरी वाऱ्यानें एक कोपरा सुटतोच. कापलेल्या कडेंतून पाणी शिरलें म्हणजे साधें प्लायवुड फुगतें, आणि गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरांतील कपाटाचें दार लागेनासें होतें. त्या एका दाराची भरपाई करतांना आठवड्याची मजुरी जाते, वर गिऱ्हाईकही तुटतें.

म्हणून गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं सुतारानें महिनाभर एका वहींत रोज काय नेलें एवढें टिपावें. तीस दिवसांत लांब लांकूड दोन-तीनदांच निघत असेल, तर त्या दिवसांपुरता पिकअप भाड्यानें आणावा व घरची गाडी बंद असावी. इमारतींवर चौकटी बसविण्याचाच ज्याचा धंदा, त्याची वही उलट सांगेल. त्यानें खुशाल हौदा घ्यावा, पण अवजारांसाठीं त्यांत कुलपाची लोखंडी पेटी पक्की ठोकून घ्यावी.

एक गोष्ट मात्र वहींत उतरत नाहीं. पिकअप आली कीं कामावरचीं पोरें मागें तक्त्यांवर बसूं लागतात. कायद्याची त्याला परवानगी नाहीं, आणि एकदां जोरानें ब्रेक लागला कीं काय होतें हें सांगावयास नको. मालवाहू व्हॅनींतही चालकाशेजारीं एकच जागा असते. तेव्हां हप्त्याची रक्कम मांडतांना उरलेल्या पोरांचें बसभाडें त्याच पानावर मांडावें.