बेकर स्ट्रीटवरील भाडेकरू



शेरलॉक होम्सचा पत्ता आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. २२१बी, बेकर स्ट्रीट, लंडन. पण ती भाड्याची जागा होती, आणि तीही भागीत घेतलेली, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसन मुंबई बंदरात उतरून अफगाण युद्धावर जातो, मैवंदला गोळी खातो आणि लंडनला परततो, तेव्हा त्याची मिळकत दिवसाकाठी साडेअकरा शिलिंग. हॉटेलात राहणे झेपेना. होम्सलाही एकट्याला भाडे जड. निजायच्या दोन खोल्या, बैठकीची एक. गिरगावात भागीने खोली घेऊन राहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

कॉनन डॉयल यांनी हा क्रमांक लिहिला तेव्हा त्या रस्त्यावर तेवढी घरेच नव्हती. पुढे शेजारचा रस्ता त्यात सामील होऊन क्रमांक वाढले आणि १९३२ साली २१९ ते २२९ या जागेत ॲबी नावाच्या, ठेवींतून घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेची टोलेजंग कचेरी आली. तेथे होम्सच्या नावाने पत्रे येऊ लागली. कोणी चौकशी करी, कोणी खरोखरीच मदत मागे. संस्थेने ती टोपलीत टाकली नाहीत. उत्तरे लिहिण्यासाठी पगारी चिटणीस नेमला. होम्ससाहेब निवृत्त होऊन ससेक्समध्ये मधमाश्या पाळतात, असे तो कळवी.

मला त्या चिटणिसाविषयी आदर वाटतो. युनियनच्या कचेरीत मीही वर्षानुवर्षे टपाल फोडतो. पुष्कळ पाकिटांवर नुसते ‘कामगारांचे साहेब’ एवढेच असते. एका पत्राला उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. तोवर तो माणूस हिशेब घेऊन गावी निघून गेला होता. ते पत्र अजून माझ्या खणात आहे.

लंडनला या टपालावरून भांडणही झाले. १९९० साली त्याच रस्त्यावर, २३७ आणि २४१ यांच्या मधे, होम्सचे संग्रहालय निघाले. दारावर २२१बी अशी पाटी लागली. पत्रे आमची, असे संग्रहालय म्हणू लागले. ॲबी संस्थाच २००५ साली तेथून हलली, तेव्हा टपाल संग्रहालयाकडे गेले. कथेतल्यासारख्या सतरा पायऱ्या तेथे आहेत. चढण्याआधी तिकीट मात्र काढावे लागते.