उचल आणि बिऱ्हाड

आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांचे बिऱ्हाडही गावोगाव हिंडते, पण प्रवासभत्त्यासह! बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास लेकरे, भांडीकुंडी घेऊन ट्रकमध्ये वा बैलगाडीत चढतात. पश्चिम महाराष्ट्रात, तसेच आपल्या कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटकडे, पाचसहा महिने कोपीत काढतात. नवराबायकोच्या जोडीला हिशेबात नाव एकच: ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात, दवाखान्यात आधीच सरलेली असते. ती टनावारी फेडायची. न फिटलेली बाकी पुढील हंगामावर चढते आणि कर्जासाठी सोडलेले घर पुन्हा सोडावे लागते. हिशेब बहुधा मुकादमाच्याच वहीत. शिवाजीनगरातील आपल्या वाण्याकडेही उधारीची दोन पुस्तके असतात. कामगाराच्या हाती दुसरी प्रत का नसावी, हे कागदांत जन्म घालविलेल्या मला उमगत नाही.