मनाचे मोजमाप आणि पडताळ्याची परंपरा

मन तराजूत घालता येत नाही. तरी कोणाची स्मरणशक्ती तल्लख असते, कोणाला चिंता लवकर ग्रासते, कोणाचे आकड्यांत चित्त रमते, आणि हे फरक वागण्यातून दिसतात. या फरकांना अंक कसे द्यावेत आणि त्या अंकांवर कितपत विसंबावे, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे मनोमापन. १८६० साली गुस्ताव फेख्नर यांनी उद्दीपक आणि संवेदना यांचा संबंध गणितात मांडला. १९०४मध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी निरनिराळ्या विषयांतील गुणांचे सहसंबंध तपासून सामान्य बुद्धीची कल्पना पुढे आणली, तर १९०५मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांची बुद्धिचाचणी प्रसिद्ध झाली. मानसशास्त्राने प्रश्न विचारायचे आणि संख्याशास्त्राने उत्तरे पारखायची, ही कामाची वाटणी तेव्हापासून चालत आली आहे.

या पारखण्याच्या परंपरेशी महाड तालुक्याचा जवळचा संबंध आहे. रायगडाच्या वाटेवरील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१२च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. या मोठ्या पदांच्या मानाने कमी आठवले जाणारे त्यांचे एक काम आहे: १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ वीस वर्षे ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात स्थापन केलेल्या या संस्थेत धान्याचे उत्पन्न, पूर, लोकसंख्या आणि मन हे सारेच संख्याशास्त्राचे विषय मानले गेले. बंगालीतील बुद्धिचाचणीच्या गुणांचे विश्लेषण महालनोबीस यांनी १९३०च्या दशकातच केले होते. पुढे संस्थेत मनोमापनाचा स्वतंत्र विभागही उभा राहिला. १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. महालनोबीस यांच्या नमुना पद्धतीचा एक नियम प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवायचे आणि शेवटी दोघांची उत्तरे शेजारी ठेवायची. दोन उत्तरांतील तफावत हेच चुकीचे माप. मोजणारा कितीही प्रामाणिक असो, दुसऱ्याने पडताळल्याखेरीज त्याची मोजणी पुरी होत नाही, हे तत्त्व येथे कामाच्या रचनेतच बसवलेले होते.

मराठीतील मनोमापनाचा पाया धारवाडला घातला गेला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड रूप सिद्ध केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. कामत यांचे काम निव्वळ भाषांतराचे नव्हते. पॅरिसच्या मुलाला ज्या वयात जो प्रश्न सुटतो, तो येथल्या मुलाला कोणत्या वयात सुटतो, हे प्रत्यक्ष मुले तपासूनच ठरवावे लागते. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या मराठीत घडवल्या गेल्या.

विषय शिकवताना तीन कल्पना पायाभूत ठरतात. पहिली विश्वसनीयता: तीच चाचणी पुन्हा दिली तर जवळपास तोच गुणांक यावा. दुसरी सप्रमाणता: जे मोजायचे म्हणून चाचणी केली, तेच तिने मोजावे. तिसरी मानके: एका मुलाचा गुणांक कोणत्या समूहाशी ताडायचा, हे ठरलेले असावे. सूत्रे फळ्यावर तासाभरात मांडून होतात; त्यांचा अर्थ मात्र गावात उतरल्यावर कळतो.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाडीतील मुलाला तरवा, राब, वरकस जमीन हे शेतीचे शब्द घरचे असतात. शहरी मुलाला ते विचारले तर तो गप्प बसेल. शब्दसंग्रहाची शहरात रचलेली चाचणी वाडीत नेली की हाच प्रकार उलट बाजूने घडतो, आणि मुलाच्या बुद्धीऐवजी त्याच्या घराचे शाळेपासूनचे अंतर मोजले जाते. चाचणी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसते ती अशी.

नमुन्याचेही तसेच. या भागातील कितीतरी घरांतील कमावती माणसे मुंबईला असतात आणि गणपतीला, शिमग्याला गावी येतात. ऐन पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत घरोघर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आणि गणपतीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकाच गावाची असली, तरी एकाच माणसांची नसतात. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले, ही बारीक नोंद म्हणूनच निष्कर्षाइतकी मोलाची ठरते.

दुःख मोजताना भाषेची कसोटी सर्वांत कठीण असते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. अशा आघातातून वाचलेल्या माणसाला ‘आपणास नैराश्य जाणवते का?’ असे छापील मराठीत विचारले, तर तो नाही म्हणून मोकळा होईल. ‘कशात जीव लागत नाही’, ‘पाऊस लागला की काळीज धडधडते’ ही त्याची भाषा आहे. प्रश्नावली मराठीत आणणे, दुसऱ्या जाणकाराकडून ती उलट भाषांतरित करून घेणे, गावातल्या माणसांना वाचून दाखवणे आणि मगच गुण देणे, हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी त्यातली एकही पायरी गाळता येत नाही. आकडा चुकला तर मदत भलत्या दारी जाते.

एवढ्या पायऱ्या एकट्याला चढता येत नाहीत, म्हणून या शास्त्राला आरंभापासून समुदायाची गरज भासली. अमेरिकेत १९३५मध्ये मनोमापनाची संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले. भारतीय सांख्यिकी संस्थेचे ‘संख्या’ १९३३पासून निघत होते. समुदाय सैल पडला की काय होते, तेही दिसून आले आहे. २०१५ साली अनेक देशांतील संशोधकांनी मानसशास्त्रातील १०० प्रयोग नव्याने करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ होते; पुनरावृत्तीत तसे ३६ टक्केच निघाले. लहान नमुने, हवे तेच निष्कर्ष छापण्याची ओढ आणि कच्च्या नोंदी इतरांना न दाखवण्याची सवय ही त्यामागची कारणे बहुधा सांगितली जातात. त्यावरचे उपायही समुदायाचेच आहेत: अभ्यासाचा आराखडा आधी नोंदवणे, नोंदी खुल्या ठेवणे, आणि ‘आर’सारख्या मोफत संगणकभाषेत गणित मांडणे, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ते पुन्हा करून पाहता येते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, तो दीक्षान्ताचा जुना आदर्श मानला जातो. स्वतः शिकत राहणे आणि दुसऱ्याला शिकवणे, या दोन्हींत हयगय करू नये, असे त्यात सांगितले आहे. आज पदवी घेणाऱ्या मनोमापनाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही कर्तव्यांचा अर्थ स्पष्ट आहे. शिकत राहणे म्हणजे आपले माप पुन्हा तपासणे. शिकवणे म्हणजे ते तपासण्याची रीत दुसऱ्याच्या हाती देणे. जो आपल्या नोंदवहीची पाने इतरांपुढे उघडी ठेवतो, त्याच्याच आकड्यावर तळियेच्या माणसाने विश्वास ठेवावा.